वीज हवी, पण पाण्याच्या मोबदल्यात नव्हे

रात्रीच्या पाळीने येणाऱ्या विजेसाठी कंदील घेऊन विहिरीवर जाणे काय असते, हे करमाडच्या शिवारातील शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत झगमगत असताना त्याच्या वाट्याला वर्षानुवर्षे अंधारच आला. त्यामुळे लघुजलविद्युत प्रकल्पांना सरकारने अर्थसाहाय्य द्यावे, या मागणीचे येथे स्वागत होणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच, की हे साहाय्य कशासाठी आणि कोणत्या अटीवर?

आपल्याकडे 25 मेगावॉटपर्यंतचा प्रकल्प 'लघु' मानला जातो. महाराष्ट्राने 2005 साली अशा प्रकल्पांत खासगी गुंतवणुकीला वाट करून दिली. केंद्राच्या 2014 च्या योजनेतील अनुदान मुख्यतः स्थापित क्षमतेवर मोजले जाई. मेख येथेच आहे. क्षमता यंत्राच्या पाटीवर लिहिलेली असते. पाणी मात्र पाटीवर लिहून येत नाही. पैठणच्या नाथसागराच्या पायथ्याशी 12 मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. पाणी पुन्हा वर चढविण्याची सोयही त्यात आहे. परंतु 2016 च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा साठा मृतसाठ्याखाली गेला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. अशा वर्षी जनित्राची क्षमता कोणाची तहान भागविणार?

कोयनेचे उदाहरणही डोळ्यांपुढे असावे. तेथे वीज निर्माण झाल्यावर पाणी पश्चिमेकडे वाहून जाते, पूर्वेकडील शेतीच्या हाती ते परत लागत नाही. राज्याची गरज म्हणून ते स्वीकारले गेले. मराठवाड्यासारख्या तुटीच्या प्रदेशाला मात्र ही चैन परवडणारी नाही. येथे पाणी आधी पिण्यासाठी, मग शेतीसाठी सुटावे आणि सुटलेच आहे तर वाटेत त्याने जनित्र फिरवावे, हाच क्रम योग्य. संभाजीनगरच्या पाणचक्कीने तेच केले. डोंगरातून नळाने आलेल्या पाण्याने जाते फिरविले आणि ते पाणी वाया न जाता पुढे कामी आले.

म्हणून अनुदान द्यावे ते धरणाच्या पायथ्याशी आणि कालव्याच्या उतारांवर बसणाऱ्या जनित्रांना. तेही क्षमतेवर नव्हे, तर सिंचनाच्या वेळापत्रकानुसार प्रत्यक्ष निर्माण झालेल्या युनिटवर. विजेसाठी स्वतंत्रपणे पाणी सोडणाऱ्यास एक पैसाही मिळू नये. उत्पन्नातील वाटा लाभक्षेत्रातील पाणीवापर संस्थांना मिळाला, तर कालव्याची देखभालही होईल.

आणि करमाडचे काय? येथे उंचावरून कोसळणारी नदी नाही, ऊन मात्र विपुल आहे. ज्या प्रदेशाला निसर्गाने जे दिले, त्याच्या आधारे त्यास समान साहाय्य मिळाले पाहिजे. जलविद्युत अनुदानाचा ओघ सह्याद्रीकडे वळणार असेल, तर तितकाच हात येथील कृषिवाहिन्यांच्या सौरीकरणाला मिळावा. ही भीक नव्हे, न्याय्य वाटणी आहे. ती मागण्यास मराठवाड्याने संकोच का करावा?