मागणी तेथे एस. टी.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढे ‘रस्ता तेथे एस. टी.’ हे ब्रीद घेऊन ही सेवा खेडोपाडी पोहोचली आणि गावाचा संबंध बाजाराशी, दवाखान्याशी व शाळेशी जडला. २०२१-२२ मधील प्रदीर्घ संपात गाड्या थांबल्या, तेव्हा या सेवेचे मोल ग्रामीण जनतेला नव्याने उमगले.

तथापि, गावाची गरज व गाडीचे वेळापत्रक यांचा मेळ सर्वत्र बसतोच असे नाही. फाट्यापासून आत असलेल्या वाडीस एखाददुसरी फेरी मिळते. एरवी तीत चार-पाच उतारू असतात. बाजारच्या दिवशी मात्र पाय ठेवावयास जागा नसते. रिकामी फेरी तोट्यात जाते, तोट्यातील फेरी बंद पडते आणि मग वडापच्या जीपगाडीत दाटीवाटीने बसून जीव धोक्यात घालावा लागतो. भाजीची टोपली घेऊन निघालेली शेतकरीण बाजारात उशिरा पोहोचली, तर तिच्या हाती पडेल तो भाव येतो.

यावर एक उपाय म्हणजे मागणीनुसार धावणारी गाडी होय. इंग्लंडमधील लिंकनशायर या शेतीप्रधान परगण्यात २००१ सालापासून अशी सेवा चालू आहे. प्रवासी आगाऊ नोंदणी करतात आणि नोंदणीप्रमाणे लहान गाडी गावे घेत जाते. मात्र केवळ मागणीवर विसंबून भागत नाही, हेही ध्यानी घ्यावयास हवे. फिनलंडमधील हेलसिंकी शहरात २०१२ साली सुरू झालेली अशीच एक सेवा खर्च न परवडल्याने २०१५ अखेर बंद करावी लागली. एकेका उतारूसाठी गाडी फिरविणे कोणासच परवडणारे नाही. मागणी एकत्र झाली, तरच ती सेवा टिकते.

महाराष्ट्रास ही कल्पना अगदीच परकी नाही. लग्नकार्यासाठी वा सहलीसाठी प्रासंगिक करारावर एस. टी. ठरविण्याची प्रथा जुनीच आहे. २०२५ च्या आषाढी यात्रेसाठी तर ४० वा अधिक प्रवाशांनी एकत्र मागणी केल्यास त्यांच्याच गावातून पंढरपूरची गाडी देण्याची सोय महामंडळाने केली होती. जे पंढरीच्या वाटेवर साधते, ते आठवडी बाजाराच्या वाटेवर का साधू नये? एका वाडीत चाळीस उतारू नसतील. परंतु एकाच रस्त्यावरील तीन-चार वाड्या मिळून ते सहज भरतील.

एक मर्यादा मात्र कसोशीने पाळली पाहिजे. शाळेची फेरी मागणीवर सोडता कामा नये. मुलीची शाळा रोजची असते, म्हणून तिची गाडीही रोजची व वेळेवरच हवी. ती चुकू लागली की प्रथम मुलीचेच शिक्षण थांबते. ठरलेली फेरी हा पाया आणि मागणीची फेरी ही त्यास जोड, असाच क्रम असावा.

या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा वाटा मोठा आहे. कोणत्या वाडीतून, कोणत्या वारी, किती माणसे व किती ओझे जाणार, याची नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवावी. ज्यांच्याजवळ फोन नाही अशा वृद्धांची नावे घरी जाऊन घ्यावीत. दोन महिन्यांची अशी नोंद व ग्रामसभेचा ठराव घेऊन गाव आगारात गेले, तर त्याच्या मागणीस वजन येईल. नुसत्या तोंडी तक्रारीस ते येत नाही.

गाडी मागणे हा गावाचा हक्क आहे; मागितलेली गाडी भरून नेणे ही गावाची जबाबदारी आहे. नाव नोंदवून आयत्या वेळी जीपगाडीत बसणारा माणस शेजाऱ्याचीही फेरी बंद पाडतो. ज्या गावांना हा विचार पटेल, त्यांच्या फाट्यावर गाडी थांबेल आणि थांबतच राहील.