चढावर नाडी 172! घाबरावे का?

प्रश्न : माझे वय 46. रोज सकाळी सायकल चालवतो. चढावर मनगटी घड्याळ नाडीचे ठोके 172 दाखवते. वडिलांना पन्नाशीत हृदयविकाराचा झटका आला होता. मला काही धोका तर नाही ना?

उत्तर : 220 मधून वय वजा केले की मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, याचा अंदाज येतो. तुमच्या बाबतीत तो 174. पण हा निव्वळ अंदाज. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत 10-12 ठोक्यांचा फरक सहज आढळतो. बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना तर हे गणित लागूच पडत नाही. हृदय निरोगी असेल, तर थोडा वेळ ठोके इतके वाढल्याने त्याला इजा होत नाही.

काळजी घ्यायची ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांची. त्या अरुंद झाल्या असतील, तर श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूला प्राणवायू अपुरा पडतो. वडिलांचा आजार लक्षात घेता रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्या. ट्रेडमिल चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारा. तोपर्यंत बोलता येईल इतपत वेगानेच सायकल चालवा.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, अनियमित ठोके यांपैकी काहीही जाणवले, तर तिथेच थांबा आणि तातडीने रुग्णालय गाठा. एरवी चढ संपल्यावर एकदम उतरू नका. पाच मिनिटे हळूहळू पायडल मारा. नाही तर रक्त पायांत साठून भोवळ येऊ शकते.