दरवाढ ही मुजोरी नव्हे!

बेळगावचा अनुवादक, इंदूरची मुद्रितशोधक, बडोद्याचा डीटीपीवाला यांनी दर वाढवले, की पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून आणि खेदाची गोष्ट म्हणजे आपल्याच मंडळांतूनही एकच सूर निघतो : "कराचं निमित्त करून लुटायला लागले!" या आरोपाचा समाचार घेणे आम्हांस भाग आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. ३० जून २०१७ पर्यंत सेवाकर १५ टक्के होता. १ जुलैला जीएसटी आला आणि अशा कामांवर १८ टक्के कर बसला. त्यातही परराज्यातील गिऱ्हाइकाला सेवा देणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होती. म्हणजे बेळगावात बसून कोल्हापूरचे काम केले, तर पहिल्या रुपयापासून नोंदणी! ऑक्टोबर २०१७ मध्ये अधिसूचना निघाली, तेव्हा कुठे २० लाखांपर्यंत सूट मिळाली. महाराष्ट्राबाहेर राहून महाराष्ट्राचे काम करणाऱ्या मराठी माणसाच्याच मानेवर हे जोखड होते, हे आमच्या टीकाकारांना आठवते काय?

नोंदणी नसलेल्याने बिलात जीएसटी लावू नये, हा कायदा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण हाच माणूस इंटरनेट, सॉफ्टवेअर, संगणक यांवर १८ टक्के कर भरतो आणि त्याची वजावट त्याला मिळत नाही. तो खर्च त्याने पानामागच्या दरात धरला, तर त्यात लबाडी कोणती?

नोंदणीकृत माणसाची कथा आणखी वेगळी. "एक लाखात सगळं बसवा," असे गिऱ्हाईक सांगते. हिशेब करा : त्यातले १५,२५४ रुपये सरकारचे, हाती उरले ८४,७४६. म्हणजे मजुरीच कापली! वास्तविक गिऱ्हाईक स्वतः नोंदणीकृत असेल तर त्याला या कराची वजावट सहसा मिळते. त्याच्या खिशाला चाट नाही, तरी घासाघीस मात्र आमच्या माणसाशी! शिवाय बिल फाडले की कर भरायचा. पैसे तीन महिन्यांनी आले तरी सरकार थांबत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही आपल्या व्यावसायिक बंधुभगिनींनाही स्पष्ट सांगतो. टीडीएस हा वेगळा कर नव्हे. तो वर्षाच्या आयकरात जमा होतो, जादा असेल तर परत मिळतो. टीडीएस कापला म्हणून दर वाढवणे आम्हांस मान्य नाही. व्यावसायिक शुल्कावरील कपातीची मर्यादाही १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ३०,००० वरून ५०,००० झाली आहे. खोटे कारण एकदा उघडे पडले, की खऱ्या कारणावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता मंडळांविषयी. नोंदणी नसलेल्या मंडळाला वजावट मिळत नाही, तेव्हा १८ टक्के हा त्यांना खरोखरीचा खर्च आहे, हे आम्ही नाकारत नाही. मग स्मरणिकेची आठ पाने कमी करा, दोन जाहिराती जास्त मिळवा. मांडववाल्याला आणि केटररला त्यांचा भाव विनातक्रार मोजायचा आणि अक्षरे जुळवणाऱ्याला "आपलाच माणूस, मराठीची सेवा" म्हणून गप्प बसवायचे, हा कुठला न्याय?

आमचे म्हणणे एवढेच. दर सांगतानाच 'कर वेगळा' असे लेखी द्या आणि घ्या. कराची रक्कम तरी बिलाबरोबर चुकती करा. उद्यम नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावेत, असे २००६ चा कायदाच सांगतो. व्यावसायिकांनी ही नोंदणी करून घ्यावी.

मराठी जगली पाहिजे, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी मराठीवर पोट भरणाऱ्याचे बिल आधी चुकते करावे!