आडव्या पानावरही पेढीचे नाव हवे

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांपासून गल्लीतल्या फर्निचर कारखानदारापर्यंत आपल्या अनेक व्यावसायिकांची कोटेशने आता कॉम्प्युटरवर तयार होतात. पत्र उभ्या पानावर आणि माप, नग, दर, जीएसटी असे सात-आठ रकान्यांचे दरपत्रक आडव्या पानावर. उभ्या पानावर पेढीचे नाव, फोन झोकात असतो. आडव्या पानावर तोच मथळा एका बाजूला आखडून बसतो किंवा गायबच होतो. ही बाब किरकोळ नाही, असे आमचे मत आहे. गिऱ्हाइकाच्या टेबलावर चार पेढ्यांचे कागद एकत्र येतात, झेरॉक्ससाठी पिन निघते. दराच्या पानावरच नाव नसेल, तर ते दर कोणाचे समजायचे?

दोष मशीनचा नाही. ए-फोर कागद 210 मि.मी. रुंद व 297 मि.मी. लांब असतो. 25 मि.मी. समास सोडल्यास मजकुराला उभ्या पानावर 160 मि.मी. रुंदी मिळते, आडव्यावर 247. फोन नंबर उजव्या कडेला नेणारा टॅब 160 वर ठोकलेला असतो. पान आडवे झाले तरी तो जागचा हलत नाही आणि उजवीकडे 87 मि.मी. जागा रिकामी राहते. स्पेसबारने नंबर पुढे ढकलावा, तर उभ्या पानावरचा मथळा बिघडतो. कारण दोन्हींचा हेडर एकमेकांशी जोडलेला असतो.

उपाय सोपा आहे. वर्डमध्ये दरपत्रकाच्या आधी आणि नंतर ‘नेक्स्ट पेज’ प्रकारचा सेक्शन ब्रेक द्यावा व फक्त मधला सेक्शन आडवा करावा. हेडरमध्ये साध्या टॅबऐवजी समासाला धरून राहणारा उजवा ‘अलाइनमेंट टॅब’ घालावा. 2007 पासूनच्या वर्डमध्ये ही सोय आहे. मग एकच हेडर दोन्हीकडे नीट बसतो आणि फोन बदलला तर दुरुस्ती एकदाच करावी लागते.

मथळा म्हणजे रुंद चित्राची पट्टी असेल तर मात्र आडव्या पानाला वेगळा हेडर लागतो. त्यासाठी ‘लिंक टू प्रीव्हियस’ आधी तिसऱ्या सेक्शनचे तोडावे, मग दुसऱ्याचे. नाहीतर मधला बदल शेवटच्या उभ्या पानावरही उतरतो. मोफत मिळणाऱ्या लायब्रऑफिसमध्ये हे काम ‘पेज स्टाइल’ करते. तेथे उभ्या व आडव्या स्टाइलचा हेडर स्वतंत्रपणे भरावा.

हे सारे एकदाच करून टेम्प्लेट म्हणून सेव्ह करावे. त्यातून दर वेळी नवी प्रत उघडते, मूळ साचा शाबूत राहतो. डीटीपीवाल्याकडून काम करून घेणाऱ्या बांधवांनी नुसते प्रिंट घेऊन परतू नये. ही फाइलही मागून घ्यावी. कारागीर आपला फर्मा दुसऱ्याच्या दुकानात ठेवत नाही. मग पेढीच्या नावाचा साचा तरी परक्याच्या कॉम्प्युटरवर का राहावा?