बाभळीचे दरवाजे चार महिने उघडे राहतात, तरी झिंगा वर येत नाही. का?

पोस्ट जरा लांब आहे, पण उमरी, धर्माबाद, नायगाव पट्ट्यातल्या गोदाकाठच्या लोकांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

बाभळी म्हटलं की आपल्याला टीएमसी आठवतं. २०१० साली चंद्राबाबू धर्माबादला येऊन धडकले, अटक झाली, देशभर बातम्या झाल्या. २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. तेव्हापासून दरवर्षी आपण त्याच हिशोबावर भांडतो. आपलं भांडण रास्तच आहे. पण त्या पाण्यात जे राहतं, त्याच्या बाजूने दोन्ही राज्यांतून एकही वकील उभा राहिला नाही.

मी गोदावरीच्या झिंग्याबद्दल बोलतोय. पलीकडे तेलंगणात त्यालाच रोय्यलु म्हणतात.

या नदीचा जो मोठा झिंगा आहे, शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, त्याचं जगणं ऐकण्यासारखं आहे. तो वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याच्या पिल्लाला सुरुवातीचे काही आठवडे खारट पाणी लागतं. पावसाळ्यात मादी कात टाकते, अंग मऊ असतानाच नराशी मीलन होतं आणि हजारो अंडी ती पोटाखालच्या पायांना चिकटवून फिरते. ते पाय सारखे हलवून अंड्यांना वारा घालते. अंडी आधी पिवळी-नारिंगी असतात, पिकत आली की काळपट होतात, कारण आतल्या पिल्लाचे डोळे दिसायला लागतात. पुराच्या पाण्याबरोबर ती पिल्लं पार समुद्राच्या तोंडापर्यंत जातात. तिथे अनेक वेळा कात टाकून त्यांचा झिंग्याचा आकार होतो. मग नखाएवढी ती पोरं काठाकाठाने, प्रवाहाच्या उलटी, शेकडो किलोमीटर वर चढत येतात.

आता समुद्राकडून आपल्याकडे येणारी वाट मोजा. धवळेश्वरमचा बंधारा आर्थर कॉटनने १८५२ सालीच पूर्ण केला. त्याच्या वर पोलावरम, दुम्मुगुडेम, मेडीगड्डा, अन्नारम, सुंदिल्ला, येल्लमपल्ली आणि मग श्रीरामसागर. एवढं सगळं ओलांडलं तर बाभळी, नंतर आपलं बळेगाव आणि पुढे विष्णुपुरी. म्हणजे झिंग्याच्या प्रवासाचे नेमके जे महिने, त्याच महिन्यांत कोर्टाच्या आदेशाने बाभळीचं दार उघडं असतं. पण दाराच्या पलीकडे श्रीरामसागरची भिंत आहे. पाहुणा वेशीवरच अडवला तर घराचं दार उघडं ठेवून काय उपयोग?

तेलंगण सरकारने जलाशयांत झिंग्याचं बीज सोडून पाहिलं. उत्पन्न म्हणून ते ठीकच. पण खारं पाणी नाही तिथे या मोठ्या झिंग्याची पैदास होत नाही, त्यामुळे बीज दरवर्षी सोडावं लागतं. त्याला नदी जिवंत झाली असं म्हणता येत नाही. पोलावरमच्या आराखड्यात पुलसा माशासाठी जिना धरला आहे. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. मग नवा बंधारा आला की हा प्रश्न आपल्याकडचे लोकप्रतिनिधी का विचारत नाहीत?

बरं, मोठ्या झिंग्याचं दुखणं दिल्ली-हैदराबादच्या हातात आहे असं म्हणू. पण लहान झिंग्यांचं काय? त्यांच्या काही जाती समुद्राकडे जातच नाहीत. अंडी, पिल्लं, वाढ सगळं इथेच, आपल्या डोहात. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागाने याच गोड्या पाण्यातल्या झिंग्यांच्या वाढीवर आणि प्रजननावर वर्षानुवर्षं काम केलं. ज्ञान आपल्याच मराठवाड्यात आहे, पण ते ना तहसीलच्या फायलीत पोचलं ना ग्रामसभेत.

या लहान झिंग्याला आपणच मारतोय. कसं, ते सांगतो.

कात टाकल्यावर झिंग्याला कवच नसतं. तेव्हा तो दगडाखाली, मुळ्यांत, काठाच्या कपारीत लपतो. ती जागाच तराफे आणि जेसीबी लावून उपसली, हायवा भरून गेली, तर त्याने लपायचं कुठे?

दुसरं म्हणजे फवारणी. अळी आणि झिंगा दोघंही संधिपाद, एकाच कुळातले. जे औषध सोयाबीनवरची अळी मारतं, ते झिंग्यालाही मारतं. फवाऱ्याचा पंप नाल्यात धुतला की मासा एखादवेळेस वाचतो, झिंगा नाही.

तिसरं, मच्छरदाणीचं जाळं. त्यातून अंड्यावरची मादी सुटत नाही आणि पिल्लूही सुटत नाही. विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तरी होतं.

कुणी म्हणेल, इथे माणसाला प्यायला पाणी मिळेना आणि तुम्ही झिंग्याचं काय घेऊन बसलात. साहेब, ज्या पाण्यात झिंगा मरतो तेच पाणी खाली कुणाची तरी नळयोजना उचलते. झिंगा तळाचा कुजका पाला आणि घाण खाऊन जगतो. तो गेला की ती घाण तिथेच राहते. आणि भोई समाजाची जी घरं या नदीवर चालतात, त्यांना ठेकेदाराच्या कटल्या-रोहूत वाटा किती मिळतो, हे काठावर जाऊन विचारा.

म्हणून चार गोष्टी मागतो. जुलै ते सप्टेंबर अंड्यावरची मादी सापडली तर परत पाण्यात सोडायची, हा नियम मच्छीमार संस्थांनी स्वतः करावा. मच्छरदाणीचं जाळं ग्रामसभेने बंद करावं. बळेगावच्या वर-खाली दोन-तीन खोल डोह वाळू लिलावातून कायमचे वगळावेत आणि उन्हाळ्यात तिथलं शेवटचं पाणी मोटारी लावून ओढू नये. आणि फवारणी पंप नदी-नाल्यात धुणं थांबावं.

यातल्या एकाही गोष्टीला टीएमसी लागत नाही, तेलंगणाची परवानगी लागत नाही, कोर्टाची तारीखही लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा. ठराव झाला तर इथे कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.