विश्लेषण : दोन वर्षे एकत्र राहिल्याने देशांमधली दरी बुजते का?

पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या डोंगरावर १९९७ पासून एक निवासी कॉलेज आहे. अकरावी-बारावीच्या वयाची, वेगवेगळ्या देशांतून आलेली मुले तिथे दोन वर्षे एकत्र राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात. यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज हे त्याचे नाव. ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस’ अर्थात यूडब्ल्यूसी या साखळीत जगभर अशा १८ संस्था आहेत. शिक्षणातून माणसे, देश आणि संस्कृती जोडणे हे त्यांचे जाहीर उद्दिष्ट. ते कितपत साधते?

कल्पना कुणाची?

जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांची. हिटलरला उघड विरोध केल्याने १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये गेले. १९५५ मध्ये पॅरिसच्या नाटो संरक्षण महाविद्यालयात त्यांनी पाहिले की, दहा वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांचे अधिकारी एकत्र शिकत आहेत. हेच तरुण वयात केले तर, या विचारातून १९६२ मध्ये वेल्समध्ये समुद्राकाठच्या एका जुन्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले. पुढे नेल्सन मंडेला यांनीही या संस्थेचे अध्यक्षपद भूषवले.

प्रवेश आणि अभ्यासक्रम कसा?

दीडशेहून अधिक देशांत राष्ट्रीय समित्या विद्यार्थी निवडतात. अभ्यासक्रम आयबी डिप्लोमाचा. त्याच्या जोडीला समाजसेवा आणि श्रमाची कामे. मुळशीतले विद्यार्थीही आसपासच्या गावांत उपक्रम करतात.

नुसते एकत्र राहून पूर्वग्रह जातात का?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये यासाठी चार अटी सांगितल्या : दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवे, स्पर्धेऐवजी सहकार्य हवे आणि व्यवस्थेचा पाठिंबा हवा. २००६ मध्ये टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात आणि या अटी पाळल्या तर परिणाम वाढतो, असे त्यांना आढळले.

अटलांटिक कॉलेजात सामाईक उद्दिष्ट समुद्रानेच पुरवले. तिथले विद्यार्थी बुडणाऱ्यांना वाचवण्याचे काम करत. त्यासाठी बोटी सुधारता सुधारता १९६० च्या दशकात कडक तळाच्या, हवा भरलेल्या कडांच्या बोटीचा आराखडा तयार झाला. आज जगभर बचावकार्यात अशा बोटी वापरल्या जातात. लाटेत दोर धरणारा कोणत्या देशाचा, हे कुणी विचारत नाही.

मोस्तारचा अनुभव काय सांगतो?

बोस्निया-हर्झगोव्हिनातील मोस्तार शहर १९९० च्या दशकातील युद्धात क्रोएट आणि बोस्नियाक वस्त्यांत विभागले गेले. युद्धात तोफांनी पडलेला तिथला जुना पूल २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. २००६ मध्ये शहरातील जुन्या जिम्नॅशियम शाळेच्या इमारतीत यूडब्ल्यूसी सुरू झाले. त्यात स्थानिक समाजांतली मुले परदेशी मुलांबरोबर एका वर्गात बसू लागली. पण त्याच इमारतीतील स्थानिक शाळेत क्रोएट आणि बोस्नियाक मुलांचे अभ्यासक्रम वेगळेच राहिले. यूडब्ल्यूसीकडे ऑलपोर्ट यांच्या पहिल्या तीन अटी होत्या. चौथी अट, म्हणजे बाहेरच्या व्यवस्थेचा पाठिंबा, शाळेच्या हातात नव्हती.

पैशाचा प्रश्न कळीचा का?

कारण पहिली अट समान दर्जाची आहे. निवासी आयबी शिक्षण महागडे असते. म्हणून ऐपतीपेक्षा गुणांवर निवड आणि गरजेनुसार शिष्यवृत्ती हे यूडब्ल्यूसीचे तत्त्व आहे. त्यामुळे बेल्जियम आणि स्पेनच्या राजकन्या ज्या अटलांटिक कॉलेजात शिकल्या, तिथेच शिष्यवृत्तीवरचे विद्यार्थीही शिकतात. मात्र पूर्ण शुल्क भरू शकणाऱ्यांसाठी प्रवेशाचा वेगळा मार्गही आहे. शिष्यवृत्त्या देणग्यांवर चालतात. त्या आटल्या, तर वर्गात झेंडे वीस देशांचे दिसतील, पण मुले एकाच आर्थिक थरातली असतील. इंग्रजीत शिकलेली दिल्ली, दुबई आणि लंडनची मुले एकमेकांना आधीच बऱ्यापैकी ओळखतात. त्यांच्यातली दरी बुजवायला वेगळ्या शाळेची गरज नसते.

पुढे काय?

अनेक पदवीधर ‘डेव्हिस’ शिष्यवृत्तीच्या आधारे अमेरिकी विद्यापीठांत जातात. त्यांच्यासाठी ही मोठी संधी आहे. पण दरी त्यांच्या गावात असेल आणि ते परतलेच नाहीत, तर ती बुजवणार कोण? दोन वर्षांत मैत्री होते, पूर्वग्रह सैल होतात. मोस्तार मात्र दाखवते की, एक वर्ग जोडल्याने शहर आपोआप जोडले जात नाही. त्यामुळे अशा कॉलेजांकडे पाहताना किती देशांची मुले आली, एवढेच मोजून भागत नाही. त्यातली किती शुल्क न भरता आली आणि किती घराकडे वळली, हेही मोजावे लागेल.