आवाज कोणाचा, गाणे कोणाचे?
विशेष प्रतिनिधी

एखाद्या चित्रपटाच्या गाण्यांचा संच रसिकांपुढे येतो, तेव्हा चर्चा चालींची आणि शब्दांची व्हावी अशी अपेक्षा असते. मे २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'कुलदल्ली कीळ्यावुदो' या कन्नड चित्रपटाच्या वाट्याला मात्र निराळीच चर्चा आली. सोनू निगम यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेले त्यातील एक प्रेमगीत निर्मात्यांनी मागे घेतले आणि चेतन या कन्नड गायकाच्या आवाजात ते पुन्हा तयार केले. चाल तीच, शब्द तेच, केवळ आवाज बदलला. या बदलामागे संगीताचे कोणतेही कारण नव्हते. म्हणूनच या घटनेकडे एका गायकाची चूक आणि तिची शिक्षा एवढ्याच मर्यादेत पाहता येणार नाही.

घटनाक्रम थोडक्यात असा. पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यानंतर काही दिवसांतच बेंगळुरूतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात निगम यांचा कार्यक्रम होता. श्रोत्यांतून कन्नड गाण्याचा आग्रह झाला. त्याच्या पद्धतीवर चिडून बोलताना त्यांनी त्या आग्रहाचा संबंध पहलगामच्या घटनेशी जोडला. कन्नड संघटनेच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात कर्नाटक फिल्म चेंबर ऑफ कॉमर्सने त्यांच्याशी असहकार पुकारला. चार-दोन तरुणांच्या धमकावणीच्या सुराबद्दल आपण बोललो, असा खुलासा निगम यांनी आधी केला होता. पुढे त्यांनी कर्नाटकाची जाहीर माफीही मागितली. मेच्या मध्यास उच्च न्यायालयाने, तपासात सहकार्य केल्यास त्यांच्यावर सक्तीची कारवाई करू नये, असा दिलासा दिला. तोवर गाणे मात्र बदलले गेले होते.

पावसाने घडविलेली जोडी

या गाण्याचे संगीतकार मनो मूर्ती आहेत, ही बाब लक्षात घेतली की प्रकरणाचा पीळ अधिक जाणवतो. अमेरिकेत संगणक व्यवसायात स्थिरावलेल्या या संगीतकाराने योगराज भट दिग्दर्शित 'मुंगारू मळे' या चित्रपटाला संगीत दिले. डिसेंबर २००६ च्या अखेरीस प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने कन्नड चित्रसृष्टीचे अर्थकारण बदलले. बेंगळुरूच्या मल्टिप्लेक्समध्ये तो वर्षभर मुक्काम ठोकून होता. या यशात गाण्यांचा वाटा सिंहाचा, आणि त्यांतही सर्वाधिक गाजलेले गीत सोनू निगम यांचे. श्रेया घोषाल, उदित नारायण आणि कुणाल गांजावाला हे मुंबईचे अन्य आवाजही त्याच संचात होते. त्यानंतर कन्नड निर्मात्यांनी मुंबईच्या गायकांकडे जणू रांगच लावली.

त्या गाजलेल्या गीताचे कवी जयंत कायकिणी. गोकर्णचा हा कन्नड साहित्यिक नोकरीनिमित्त दोन दशकांहून अधिक काळ मुंबईत राहिला आणि या महानगरातील चाळी, इस्पितळे व लोकलगाड्या त्याने कन्नड कथेत नेल्या. त्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला २०१८ सालचा डीएससी पुरस्कार मिळाला. कॅलिफोर्नियातील संगीतकार, मुंबईने घडविलेला कवी आणि हिंदीतला गायक या त्रयीने आधुनिक कन्नड प्रेमगीताचा चेहरा घडविला. त्याच संगीतकाराचे, त्याच गायकाने गायिलेले गीत एकोणीस वर्षांनी भाषेच्या कारणाने बाद व्हावे, यापरता दैवदुर्विलास कोणता!

परक्या आवाजाची परंपरा

परप्रांतीय गायक ही कन्नड चित्रसंगीतातील नवी गोष्ट नव्हे. पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना' (१९३४) चक्क कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये तयार झाला. पुढे कित्येक दशके कन्नड चित्रपटांचे संगीत मद्रासमध्ये ध्वनिमुद्रित होत असे, कारण स्टुडिओ, वादक आणि तंत्रज्ञ तेथे होते. डॉ. राजकुमार यांचा पडद्यावरील आवाज दीर्घकाळ पी. बी. श्रीनिवास यांचा होता, आणि ते मूळचे आंध्रातील काकीनाडाचे. पी. सुशीला, एस. जानकी, वाणी जयराम यांपैकी कोणाचीही मातृभाषा कन्नड नव्हती. तेलुगू भाषक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना तर कन्नड गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ज्या चित्रपटातून निगम यांचा आवाज वगळला, त्याचे नावच राजकुमार यांच्या 'सत्य हरिश्चंद्र' (१९६५) मधील एका गाण्यावरून घेतलेले आहे. कुळात उच्च कोण आणि नीच कोण, असा प्रश्न विचारणारे ते गीत कन्नड जनमानसात अजरामर केले ते घंटसाल या तेलुगू गायकाने!

मग आजच हा प्रश्न इतका तीव्र का झाला? एक कारण असे की, दाक्षिणात्य गायक कन्नड भाषेच्या उच्चारांत मुरले होते. मुंबईच्या गायकाची गोष्ट वेगळी. आजच्या पद्धतीत चाल आधी तयार होते, तिच्या मीटरवर गीतकार शब्द बसवितो, एखादा स्थानिक गायक नमुन्यादाखल गाणे गाऊन ठेवतो आणि तो ट्रॅक मुंबईला जातो. तेथे गायक देवनागरीत लिहून घेतलेले शब्द पाहून तास-दोन तासांत गाणे पूर्ण करतो. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' या स्वरांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन भेद आहेत. 'कोडु' हा शब्द ऱ्हस्व उच्चारला तर 'दे' आणि दीर्घ उच्चारला तर 'शिंग' असा अर्थ होतो. नेहमीच्या देवनागरी लेखनात हा फरक दिसत नाही. हिंदीभाषक गायकाला 'ळ' साधणेही सोपे नसते. निगम आणि घोषाल यांनी हे कष्ट घेतले म्हणून ते टिकले. सर्वांनीच घेतले असे नाही.

दुसरे कारण रोजगाराचे. नमुन्याचा ट्रॅक गाणाऱ्या स्थानिक गायकाचा आवाज शेवटी पुसला जातो आणि नाव मुंबईच्या गायकाचे लागते, ही सल जुनी आहे. म्हैसूरच्या विजय प्रकाश यांच्यासारख्या गुणी गायकालाही मुंबईत नाव कमवावे लागले. भाषिक अस्मितेच्या घोषणांमागे ही पोटाची व्यथाही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

बंदीची ताकद आणि मर्यादा

कर्नाटकात चित्रपट व्यवसाय आणि भाषिक चळवळ यांचे नाते घट्ट आहे. १९८० च्या दशकारंभी झालेल्या गोकाक आंदोलनाला खुद्द राजकुमार यांनी नेतृत्व दिले. परभाषेतील चित्रपट कन्नडमध्ये डब करण्यावर तेथे दीर्घकाळ अलिखित बंदी होती. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने ती स्पर्धाविरोधी ठरविली. निगम प्रकरणानंतर महिना उलटण्यापूर्वीच, 'ठग लाइफ'च्या चेन्नईतील संगीत प्रकाशन सोहळ्यात कमल हासन यांनी कन्नड ही तमिळमधून जन्मली असे विधान केले आणि जूनमध्ये तो चित्रपट कर्नाटकात प्रदर्शित होऊ शकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले की, प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट जमावाच्या धाकाने रोखता येणार नाही.

मात्र न्यायालयाचे हे संरक्षण गायकाच्या कामी येत नाही. चित्रपट रोखणे बेकायदा ठरू शकते. पण कोणत्या गायकाकडून गाऊन घ्यावे हा निर्मात्याचा अधिकार आहे. दडपणाखाली घेतलेला निर्णयही कागदोपत्री स्वेच्छेचाच ठरतो. त्यात तंत्रज्ञानाने हे काम सोपे केले आहे. ध्वनिफितींच्या काळात घरोघर पोहोचलेला आवाज परत बोलावता येत नसे. आता गाणी एकेक करून इंटरनेटवर येतात, आणि एका ट्रॅकच्या जागी दुसरा ठेवायला काही दिवसांचा अवधी पुरतो.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. सीमाप्रश्नामुळे कन्नड अस्मितेकडे आपण तक्रारीच्या नजरेने पाहतो. पण हिंदीच्या वर्चस्वाविषयीची त्यांची खंत आपल्यालाही ठाऊक आहे. २०२५ मध्येच प्राथमिक शाळांतील हिंदी सक्तीविरुद्ध महाराष्ट्रात वातावरण तापले आणि जूनअखेर सरकारला निर्णय मागे घ्यावे लागले. तरीही 'नवरा माझा नवसाचा' (२००४) मधील निगम यांचे गाणे किंवा 'सैराट'मधील घोषाल यांचा आवाज आपण आपलाच मानला. 'सैराट'चा कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' (२०१७) अजय-अतुल यांचे संगीत घेऊनच बेंगळुरूला गेला, तोही तेथे परका ठरला नाही.

निगम यांचे विधान असमर्थनीय होते. आपल्या भाषेतील गाण्याची फर्माईश हा श्रोत्याचा हक्क आहे, आणि तिची सांगड निरपराधांच्या हत्याकांडाशी घालणे हा त्या श्रोत्यांचा अवमान होता. त्यासाठी जाब विचारणे रास्त. माफी मागून घेणेही रास्त. परंतु माफीनंतरही आधीच गायिलेले गाणे पुसून टाकण्याने कन्नडचा काय लाभ झाला? स्थानिक गायकाला संधी मिळाली खरी, पण ती त्याच्या गुणांमुळे मिळाली की रागामुळे, हा संशय त्याच्यावर उगाचच लादला गेला. कन्नड गायकांचा प्रश्न सोडवायचा असेल तर निर्मात्यांनी चाल तयार होतानाच त्यांचा विचार केला पाहिजे आणि नमुन्याचा ट्रॅक गाणाऱ्याला नाव व मोबदला दिला पाहिजे. ते न करता केवळ एखाद्या वादाच्या वेळी त्यांची आठवण काढणे, ही त्यांची उपेक्षाच आहे. 'मुंगारू मळे'तले ते गीत मात्र निगम यांच्याच आवाजात कन्नड घरांत रुजले आहे, आणि ते तेथून हलविणे कोणत्याही संघटनेला साधणारे नाही.